मिठाच्या रानात पाणी

कच्छच्या रणात जाऊन आलेले लोक फोटो दाखवतात. आमच्याकडे दाखवायला जीपमधली एक रबरी मॅट आहे. ती पाहून पाहुणे चहा अर्धा ठेवून विचारतात, "एवढ्या लांब जाऊन हेच आणलं?" तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. एकदा लिहूनच टाकावं म्हणून बसले आहे.

माझ्या गावात शाळा चौथीपर्यंत होती. पुढं मला येरमाळ्याला भागाआत्यानं ठेवून घेतलं. शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले, आणि आज कळंबच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. त्याचं सगळं श्रेय आत्याला आहे, आणि या प्रवासातल्या चिखलाचंही बऱ्यापैकी तिलाच आहे.

येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्रात यात्रा भरते. डोंगराखाली चुन्याचं रान आहे. लाखो माणसं तिथं वाकून चुनखडीचे पाच-पाच खडे वेचतात आणि देवीच्या नावानं एका जागी टाकतात. मी सातवीत असताना आत्याबरोबर खडे वेचत होते आणि नवी शहाणी असल्यामुळे गप्प बसवत नव्हतं. म्हणाले, "आत्या, गुजरातेत असंच मिठाचं रान आहे. क्षितिजापर्यंत पांढरं. आमच्या भूगोलाच्या पुस्तकात आहे." आत्यानं वाकल्या वाकल्याच डोंगराकडं हात जोडले. "आई येडाई, माझी शोभी शिकून नोकरीला लागली तर त्या मिठाच्या रानातलं पाच खडं ह्या हातानं येचून आणीन."

देवीनं ऐकलं. माझ्या नोकरीचा कागद आला त्याच दिवशी आत्यानं मीठ सोडलं. नवस फिटेपर्यंत अळणी. आम्हाला वाटलं, महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न. पण कधी मला रजा नसे, कधी पेरणी, कधी कुणाचं लग्न. बघता बघता चार वर्षं गेली. वहिनी, म्हणजे आत्याची सून, रोज दोन भांड्यांत आमटी करायची, एक माणसांची आणि एक आत्याची.

यंदा गणपतीच्या आसपास आत्या अंगणात कोसळली. पायात गोळे, डोळ्यांपुढं अंधार. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं मीठ फार कमी झालंय, खायला सुरुवात करा नाहीतर पुढच्या वेळी मी काही करू शकणार नाही. आणि सलाईन लावायला घेतलं.

"त्या बाटलीत काय हाय?" आत्यानं विचारलं.

"मिठाचं पाणी, आजी."

आत्यानं हात मागं घेतला. शेवटी भाऊनं, म्हणजे आत्याच्या मुलानं, धर्मशास्त्र सांभाळलं. "आई, तू देवीला काय म्हणलीस? मीठ खाणार न्हाय. हे कुठं खायलीस? हे तर शिरेतनं जायलंय." आत्यानं विचार केला आणि हात पुढं केला. दवाखान्यातून निघताना मात्र तिनं स्पष्ट सांगितलं, "एकदा पळवाट चालली. रोज चालायची न्हाय. मला मिठाच्या रानात न्या."

दिवाळीच्या सुट्टीत निघायचं ठरलं.

जीप

भाऊकडे जुनी फोर-व्हील जीप आहे. शेतासाठी म्हणून घेतली, पण चारही चाकं एकदम फिरवणारा तो छोटा दांडा ओढायची वेळ आमच्या डांबरी तालुक्यात कधी आलीच नाही. भाऊ तो रोज फडक्यानं पुसायचा. वाळवंटात जायचंय म्हटल्यावर त्यानं कुठून, किती लांब, काहीही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "तिथं रस्ता न्हाय ना? मंग चला."

आत्यानं शिदोरी बांधली. ज्वारीच्या कडक भाकरी, गूळ, मीठ न घातलेली शेंगदाण्याची चटणी. ही चटणी खाताना शेंगदाणे आपल्यावर रागावलेत असं वाटतं. देवीला नारळ, खण, हळद-कुंकू वेगळ्या पिशवीत. पुढच्या सीटवर आत्या, मागं मी आणि शिदोरी.

बीड, धुळे आणि नवापूरचा घाट ओलांडून आम्ही गुजरातेत शिरलो. रस्त्याकडच्या एका हॉटेलात आत्यासाठी बिनमिठाची डाळ मिळते का विचारत होते, तोवर भाऊनं त्याची डाळ चाखली आणि चमचा खाली ठेवला.

"आई, ह्यात मीठ हाय का कळंना. साखर मातुर हाय."

शेजारच्या टेबलावरचे लोकही तीच गोड डाळ मजेत खात होते. आत्यानं त्यांच्याकडं आदरानं पाहिलं. "ह्या समद्या मुलखानं नवस बोललाय का काय?"

मी तिला समजावलं की ही इथली पद्धत आहे, आपण तिखट खातो तसं. पण पुढं सात-आठशे किलोमीटर ती ज्या ज्या गुजराती बाईला भेटली तिच्याकडं "तुझा कधी फिटायचा?" अशा नजरेनं पाहत होती.

भुजच्या पुढं

भुज सोडल्यावर जमीन हळूहळू रिकामी होत जाते. आधी बाभळी विरळ होतात, मग माणसं, मग वळणं. आपल्याकडं उजाड म्हटलं तरी कुठंतरी एक लिंब, त्याखाली एक शेळी, आणि शेळीखाली सावली असते. इथं तेवढंही नाही. मध्येच म्हशींचा कळप रस्त्यावर आला. गोल वळलेल्या शिंगांच्या, काळ्याभोर, आणि आमच्या जीपला काडीचीही किंमत न देणाऱ्या. भाऊनं इंजिन बंद केलं आणि प्रत्येक म्हशीचं कासेपासून कौतुक केलं. भूगोल मला कळत असेल, पण म्हशी त्याला कळतात.

आमचा मुक्काम मामदभाईंच्या घरी होता. मातीच्या गोल खोल्या, त्यांवर गवताचं टोपीसारखं छप्पर, भिंतीत आरशाचे तुकडे. मामदभाई पाहुण्यांना राहायला देतात, जेवायला घालतात आणि फोनवर फार छान बोलतात. मी निघायच्या आधी दोनदा विचारलं होतं, रण पांढरं झालंय का? दोन्ही वेळा उत्तर आलं होतं, "बहन, ऐसा सफेद कि आँख नहीं खुलेगी."

पोचल्या पोचल्या त्यांच्या घरून ताकाचे पेले आले. त्या भागात दारी आलेल्याला ताक दिल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही, आणि ताकात मीठ असतंच. आत्यानं पेला नमस्कार करून परत दिला. मामदभाईंची आई, आत्याच्याच वयाची, एकदम गोरीमोरी झाली. मी हिंदीत नवसाची हकिगत सांगितली. मामदभाईंनी ती कच्छीत सांगितली. म्हातारीनं कपाळाला हात लावला आणि काहीतरी म्हणाली.

"माँ बोलती है," मामदभाई म्हणाले, "नमक छोड़ा, और नमक के घर आ गई?"

"त्यांला सांगा," आत्या म्हणाली, "उद्या सक्काळी पाच खडं उचलते, आन् नवस फिटला की फिरून येते तुमच्या हातचं ताक प्यायला."

मामदभाई जरा खाकरले. "इस साल... थोड़ा पानी है."

थोडं पाणी

सकाळी रणाच्या काठावर उतरलो. थोडं म्हणजे किती, ते सांगते. डावीकडं पाणी. उजवीकडं पाणी. समोर पाणी इतकं लांब की आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. घोट्याएवढंच खोल, पण जिल्हाभर पसरलेलं. लांबवर गुलाबी रोहित पक्ष्यांची रांग एका पायावर उभी होती. मिठाचा एक कण दिसत नव्हता.

"आपने तो कहा था आँख नहीं खुलेगी," मी मामदभाईंना म्हणाले.

"तो खुल रही है क्या?" त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाण्यावरच्या उन्हाकडं बोट दाखवलं.

दोष नुसता त्यांचा नव्हता. पावसाळ्यात हे रण भरतं, हिवाळ्यात आटतं आणि मग मीठ वर येतं, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. सुट्टी दिवाळीत मिळते म्हणून मीठही दिवाळीत तयार असेल असं मी धरून चालले होते.

पुण्याचं एक जोडपं तिथं आलं होतं. पांढऱ्या वाळवंटात फोटो काढायचे म्हणून दोघं नखशिखान्त पांढऱ्या कपड्यांत. आता पाण्याच्या कडेला उभे राहून ते एकमेकांकडं असं पाहत होते की हा बेत कुणाचा होता हे आम्हालाही कळत होतं. "सगळी ट्रिप वाया गेली हो," बाई मला म्हणाल्या.

आत्या मात्र पाण्याकडं बघत उभी होती. आमच्याकडं गावचा तलाव भरला की बायका नारळ घेऊन पाण्याची ओटी भरायला जातात. आणि तलाव काही दरवर्षी भरत नाही. एवढं पाणी तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं पिशवीतून नारळ काढला.

"आत्या, तो देवीचा आहे ना?"

"देवीला दुसरा घिऊ. एवढं पाणी भरलंय आन् रिकाम्या हातानं हुबं ऱ्हायचं व्हय?"

तिनं लुगडं खोचलं, पाण्यात उतरली, खण, तांदूळ आणि नारळ सोडला, हळद-कुंकू वाहिलं. पुण्याच्या बाई फोन काढून चित्रीकरण करू लागल्या. त्यांची ट्रिप तिथून सुधारली. नारळ थोडा पुढं गेला आणि तळाला टेकून उभा राहिला.

मग आत्या माझ्याकडं वळली. "हं. आता खडं दाव."

मी सांगितलं. मीठ आहे, पण पाण्यात विरघळलंय.

"वर कवा येतंय?"

"पौषात वगैरे."

"मंग मी पौषापतुर हितंच ऱ्हाते. म्हातारी चांगली हाय."

मामदभाईंनी लगेच तोडगा काढला. त्यांच्या ओळखीच्या माणसाकडं गेल्या सालच्या मिठाचा ढीग होता, पोतंभर आणून देतो म्हणाले. आत्यानं मान हलवली. "ह्या हातानं येचीन म्हणलेय. आणलेलं चालत न्हाय." बोलताना तिनं जीपचा दरवाजा धरला होता. पायात पुन्हा गोळे आले होते हे तिनं लपवलं, पण भाऊनं आणि मी ते पाहिलं. डॉक्टरांचं वाक्य आम्हा दोघांनाही एकदमच आठवलं असावं.

तेवढ्यात भाऊ म्हणाला, "ती बघ. पांढरी पट्टी."

खरंच, पाण्यापलीकडं लांब एक पांढरी रेघ चमकत होती. आणि काठाकाठानं तिकडं जाणारी राखाडी जमीन वरून कोरडी होती.

"उधर मत जाना," मामदभाई म्हणाले.

आता आमच्या काळ्या मातीतल्या माणसाचा एक गुण सांगायला हवा. पाऊस उघडल्यावर जमीन औत चालवण्याइतकी सुकली की नाही, म्हणजे वापसा आला की नाही, हे त्याला टाचेनं कळतं आणि त्यात तो कुणाचं ऐकत नाही. भाऊनं चप्पल काढली. टाच रोवली. चिमूटभर माती बोटांत चुरडली, वास घेतला.

"वापसा आलाय," त्यानं जाहीर केलं. "गाडी जातीय."

"भाऊ, ही काळी नाही. खाली खारा चिखल असतो," मी म्हणाले.

"शोभे, माती ती माती. तू पुस्तकातली शिकव." आत्या पुढं, मी मागं बसले आणि त्यानं तो दांडा, इतकी वर्षं पुसलेला, ओढला.

जीप गेली. खरंच गेली, दणक्यात. मामदभाई मागच्या दारातून कसेबसे चढले आणि मी मारुतीचा धावा सुरू केला तर हनुमानाला न मानणारा तो माणूसही माझ्याबरोबर पुटपुटू लागला. मग वरचा पापुद्रा फुटला. जीप पुढून अशी बसली जशी म्हैस डबक्यात बसते, आनंदानं आणि उठायच्या बेतात नसल्यासारखी. चारही चाकं एकदम फिरली, म्हणजे चारही बाजूंनी चिखल एकदम उडाला. खारं पाणी दारातून आत आलं आणि आत्याच्या पायाशी साचलं.

आम्ही सगळे नखशिखान्त माखलो. मी थू थू करत होते, भाऊ थू थू करत होता. आत्यानं मात्र पदर तोंडावर गच्च धरला होता. तोंड उघडलं असतं तर मीठ आत गेलं असतं. त्यामुळं भाऊला त्याच्या जन्मातल्या सर्वात मोठ्या मूर्खपणाबद्दल शिव्या तिला नुसत्या डोळ्यांनी द्याव्या लागल्या. त्या आम्हा सगळ्यांना नीट ऐकू आल्या.

मामदभाईंच्या चुलतभावाचा ट्रॅक्टर यायला दुपार झाली. तोवर मी त्या पांढऱ्या पट्टीपर्यंत चालत गेले. मीठ नव्हतं. वाऱ्यानं काठाला आणून लावलेला फेस होता. मुठीत घेतला तर फुसकन गेला. परत येऊन मी नुसती मान हलवली. आत्यानं डोळे मिटून घेतले.

त्या दिवशी मामदभाईंच्या आईनं बिनमिठाचं ताक केलं. आत्यानं ते प्यायलं, पण परतीच्या वाटेला लागल्यावर तिनं एकाही गावाचं नाव विचारलं नाही. येताना वीस गावांची नावं विचारणारी बाई.

मॅट

भुजला एका लॉजवर उतरलो. सकाळी भाऊ नळी घेऊन जीप धुवायला निघाला, कारण मीठ पत्रा खातं. मी पिशव्या ठेवायला पुढचं दार उघडलं. आत्याच्या पायाखालच्या रबरी मॅटला चौकोनी खळगे आहेत. त्यांत काल साचलेलं पाणी निम्मं आटलं होतं आणि प्रत्येक खळग्याच्या कडेला पांढरी किनार धरली होती.

मी ओरडले, "भाऊ, नळी बंद कर!"

मी आत्याला बोलावलं आणि बाष्पीभवनाचा अख्खा धडा लॉजपुढच्या फरशीवर उभी राहून शिकवला. उन्हानं पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं, घरी पोचेपर्यंत प्रत्येक खळग्यात एक खडा तयार होईल. वर्गात इतकं लक्ष देऊन मला कुणी कधी ऐकलेलं नाही.

"म्हंजी हे त्याच रानातलं?"

"त्याच रानातलं."

भाऊनं तोंड वाकडं केलं. "आई, पायाखालचं मीठ देवीला वाहणार? पायपुसण्यातलं?"

हा मुद्दा मलाही टोचत होता. आत्यानं मात्र त्याच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "आन् चुन्याचं रान काय डोक्यावर असतंय? लाखभर माणूस तुडीवतंय, आन् मंगच वाकून येचतंय. पायाखालचं उचलून कपाळाला लावायचं, त्येच तर हाय."

भाऊनं नळी गुंडाळून ठेवली. आत्या सीटवर मांडी घालून बसली आणि घर येईपर्यंत तिनं पाय खाली सोडले नाहीत. दर थांब्याला मॅट उन्हात यायची, आणि आत्या तिच्याजवळ पापड राखत बसल्यासारखी बसायची. सुरतेच्या अलीकडं एका पंपावर कुणीतरी न विचारता काचेवर पाणी मारायला आला, तर त्याला भाऊनं असा हाकलला की तो माणूस आमच्याकडं चोरीचा माल आहे असं समजला.

बीड ओलांडलं आणि आभाळ भरून आलं. दिवाळीनंतरचा अवकाळी. जीपचं टप गळतं, आणि गळतं ते नेमकं पुढच्या सीटसमोर. पहिला थेंब मॅटच्या कडेला पडला. आत्यानं छत्री उघडली, गाडीच्या आत. भाऊला समोरचं अर्धंच दिसू लागलं.

"आई, छत्री काढ, मरू आपण!"

"तू हळू हाक. मी काढणार न्हाय." आणि मग बाहेर बघून, हात जोडून, "बाबा, आजच्या दिस थांब. उद्या ये. दुप्पट ये, पर आज थांब."

आमच्या घरातल्या माणसानं पावसाला थांब म्हणण्याची ही पहिलीच वेळ. तोही बिचारा गांगरला असावा. चौसाळ्याच्या अलीकडं उघडला.

येरमाळा

घरी न जाता थेट डोंगराच्या पायथ्याशी गेलो. आत्यानं मॅट चुन्याच्या रानात अंथरली, यात्रेत वाकते तशी वाकली आणि पाच खडे वेचले. राखाडी, चौकोनी, एका बाजूला रबराची नक्षी उठलेले. नवा नारळ घेऊन पायऱ्या चढली. चार ठिकाणी बसली, पण आमचा हात धरला नाही.

पुजाऱ्यानं खडे हातात घेऊन वास घेतला. "हे काय हो भागाबाई?"

"मीठ."

"कुठलं?"

"लांबचं," आत्या म्हणाली. "पाण्यातनं काढलंय."

खडे देवीपुढं राहिले. आत्यानं डोकं टेकवलं, आणि इतका वेळ टेकवून ठेवलं की मी घाबरून हाक मारली.

घरी वहिनीनं स्वयंपाक करून ठेवला होता. पानं वाढली. आम्ही सगळे आत्याकडं न पाहिल्यासारखं करत पाहत होतो. तिनं भाकरी मोडली, आमटीत बुडवली, घास घेतला. थांबली. वहिनीचा चेहरा पडला. चार वर्षांची सवय, तिनं आजही दोन भांड्यांत आमटी केली होती आणि आत्यापुढं आत्याचीच आली होती.

"मीठ दे गं," आत्या म्हणाली.

वहिनी उठली, मी उठले, दोघी एकाच बरणीवर आदळलो. आत्यानं चिमूटभर मीठ आमटीत टाकलं, बोटानं ढवळलं, दुसरा घास घेतला. भाऊ ताटावरून उठून बाहेर गेला. मला वाटलं, डोळे पुसायला गेला असेल. तर अंगणातून नळीचा आवाज आला. चार दिवस कोंडलेला माणूस शेवटी जीप धुवायला लागला होता, आणि खारं पांढरं पाणी परसातल्या वाफ्याकडं धावत होतं.

"आरं ए! कोथमीर हाय तिकडं! कोथमीर जाळतूस का मेल्या!" तोंडात घास तसाच ठेवून आत्या ओरडली. गल्लीच्या टोकाची कुत्री उठून उभी राहिली.

भाऊनं नळी बंद केली आणि तिथंच, चिखलात, हसत उभा राहिला. आत्याचा तो खणखणीत आवाज आम्ही चार वर्षांत ऐकला नव्हता.